वीस ओळींचा डिफ आणि एक जादा पाइप

कोलाडला राफ्टिंगला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर कुंडलिकेतला तो सगळा खेळ चालतो. तीच नदी पुढे रोह्याकडे जाते आणि रोह्याच्या थोडं अलीकडे धाटाव लागतं. इथे एमआयडीसी आहे, मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. शेजारी नदी, भोवती गावं. राफ्टिंगवाले सहसा इथवर येत नाहीत. पण आपण ऑफिसात रोज करतो त्यातलं एक काम अशा ठिकाणी फार गंभीरपणे करावं लागतं: दुसऱ्याने सुचवलेला छोटासा बदल तपासणं.

आपल्याकडचा नेहमीचा नमुना घ्या. एक कमांडलाइन टूल आहे आणि कोणीतरी त्यात नवा ऑप्शन घातलाय. डिफ जेमतेम वीस ओळींचा. पार्सरमध्ये दोन ओळी, हेल्पमध्ये एक, मध्ये कुठेतरी एक ‘इफ’, आणि सोबत एक टेस्ट. डीफॉल्ट बंद, म्हणजे जुन्या वापरणाऱ्यांना काही फरक पडत नाही. मग काय, ‘छान, मर्ज करा’ लिहायचं आणि चहाला जायचं!

कारखान्यात याचा भाऊ म्हणजे जादा जोडलेला पाइप. एरवी बंद, गरज पडली तर वापरायचा. तुलना ओढूनताणून केलीय असं वाटत असेल तर थोडा इतिहास बघू.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथे नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. एका रांगेत सहा रिअॅक्टर. मार्च १९७४ मध्ये पाचव्याला तडा गेलेला दिसला. उत्पादन थांबू नये म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा २० इंची पाइपने जोडले. रिअॅक्टरची मूळ तोंडं होती २८ इंची. आणि या पाइपचं ड्रॉइंग? वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेलं, तेवढंच. वर्क्स इंजिनिअरची जागा त्या वेळी रिकामी होती, म्हणजे ‘हे चालेल का?’ असं अधिकाराने विचारणारा माणूसच नव्हता. १ जून १९७४ ला तो पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनचा ढग पसरला आणि स्फोटात २८ माणसं गेली. तो शनिवार होता, ऑफिस रिकामं होतं, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला.

आता आपल्याकडे या. भोपाळच्या कारखान्यात १९८४ मध्ये दोन व्हेंट लाइनी एकमेकींना जोडणारी एक जंपर लाइन टाकली होती. हेतू साधा, एकीची दुरुस्ती चालू असताना दुसरी वापरता यावी. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी नेमकं कसं शिरलं यावर आजही वाद आहे. कंपनीने तो घातपात असल्याचं म्हटलं. पण पाणी पाइपांतून आलं असं मानणाऱ्यांच्या मते त्याच्या वाटेतला एक दुवा ही जंपर लाइन होती.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे नियम आले. ठरावीक प्रमाणाहून जास्त धोकादायक माल हाताळणाऱ्या कारखान्याला सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालातल्या माहितीवर परिणाम होईल असा बदल करायचा असेल, तर सुधारित अहवाल किमान ९० दिवस आधी अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. धाटाव असो की आणखी कुठली एमआयडीसी, या मर्यादेत येणाऱ्या प्रत्येक कारखान्याला हे लागू आहे. कारण तिथे मर्ज आधी आणि रिव्ह्यू नंतर असं केलं तर त्याची किंमत शेजारच्या गावात झोपलेली माणसं मोजतात.

बरं, सॉफ्टवेअरमध्ये असं कुठे होतं? होतं की. ‘सुडो’ आपण सगळेच वापरतो. त्यात ‘-एस’ म्हणजे शेल चालवा आणि ‘-ई’ म्हणजे फाइल एडिट करा. शेलसाठी एका ठिकाणी खास अक्षरांआधी बॅकस्लॅश लावले जातात आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी ते काढले जातात. ‘सुडो’ला ‘-ई’ आणि ‘-एस’ एकत्र दिले तर तो नकार देतो. पण एडिट करायला आणखी एक दार आहे, ‘सुडोएडिट’ या नावाने तोच प्रोग्रॅम चालवणं. त्या दारातून ‘-एस’ बिनबोभाट आत जायचा. बॅकस्लॅश लावणारा भाग चालायचाच नाही, काढणारा मात्र चालायचा! शेवटी एकटा बॅकस्लॅश दिला की वाचन मजकुराच्या पुढे सरकायचं आणि मेमरीत नको तिथे लिहिलं जायचं. मशीनवर साधं खातं असलेल्या कोणालाही पासवर्डशिवाय रूट होता येत होतं.

ही चूक जुलै २०११ च्या एका बदलातून आली. जाहीर झाली २६ जानेवारी २०२१ ला. शोधली क्वालिस कंपनीच्या टीमने (या कंपनीचं पुण्यातही मोठं ऑफिस आहे). म्हणजे जवळजवळ साडेनऊ वर्षं ती जगभरच्या सर्व्हरवर बसून होती, आणि सोर्स कोड सगळ्यांना उघडा होता.

तिन्ही गोष्टींत एक धागा आहे. जोडलेला तुकडा एकटा बघितला तर ठीकच दिसतो. लफडं होतं तो ज्यांना जाऊन मिळतो तिथे. आणि डिफमध्ये नेमकं तेच दिसत नाही, कारण तिथे फक्त बदललेल्या ओळी असतात.

म्हणून नवा ऑप्शन रिव्ह्यूला आला की डिफ बंद करून आधी चार प्रश्न विचारावेत. हा आधीच्या कुठल्या ऑप्शनबरोबर दिला तर काय होईल, आणि नको असलेली जोडी कोण अडवतं? या कोडपर्यंत यायला दुसरं दार आहे का: दुसरं नाव, कॉन्फिग फाइल, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल? व्हॅल्यू रिकामी किंवा विचित्र आली तर? आणि जी तपासणी हा ऑप्शन टाळतो, ती मुळात कशासाठी ठेवली होती? टेस्टही या उत्तरांच्या हव्यात. ‘ऑप्शन दिला की चालतो’ एवढीच टेस्ट असेल, तर ती फक्त पाइप बसला एवढंच सांगते.

आपल्याला काही ९० दिवस लागत नाहीत. बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो. तेवढा तरी द्यायला हवा.