सयामचे हत्ती आणि लिंकनचे आभारपत्र

ज्याच्या दारी हत्ती झुलतात तो भाग्यवान, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत. पण उद्या खरोखरच कोणी आपल्या दारात हत्ती आणून बांधला आणि ‘ही आमची प्रेमाची भेट’ म्हटले, तर आपण काय कराल? ठेवायचा कुठे, घालायचे काय? आणि नको म्हणावे, तर देणाऱ्याचे मन मोडते. असा पेच एकदा अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे पडला होता.

सयाम म्हणजे आजचे थायलंड. तेथे १८५१ पासून १८६८ पर्यंत मोंगकुट हा राजा राज्य करीत होता. गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. इंग्रजी आणि खगोलशास्त्र यांचा त्याचा व्यासंग दांडगा. पण राज्याची स्थिती मोठी नाजूक. पश्चिमेला ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग इंग्रजांनी १८५२ मध्ये गिळलेला. पूर्वेला सायगाव १८५९ मध्ये फ्रेंचांनी घेतलेले. अमेरिकेशी मात्र १८५६ मध्ये व्यापाराचा तह झाला होता. मुलूख न मागणारा असा दूरचा मित्र जोडून ठेवावा, असे या राजाला वाटले असेल तर नवल नाही.

१४ फेब्रुवारी १८६१ रोजी त्याने अमेरिकेच्या अध्यक्षांना दोन पत्रे लिहिली. सोबत एक मौल्यवान तलवार, मुलीसह स्वतःचे छायाचित्र आणि दोन प्रचंड हस्तिदंत. शिवाय, आपल्या देशात हत्ती नाहीत असे ऐकतो, तर नर-मादीच्या जोड्या देतो, हे आश्वासन! जहाज आणि चारापाणी तुम्ही पाठवा; उष्ण प्रदेशातल्या, पाणी-गवत मुबलक असलेल्या रानात त्यांना सोडा; त्यांना कोणी त्रास देऊ नये अशी ताकीद द्या; मग ते वाढतील आणि ओझी वाहतील, असा सगळा तपशील त्यात होता.

यादवी युद्धासाठी राजाने लिंकनला हत्ती देऊ केले, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही, बरे का! पत्र लिहिले तेव्हा लिंकन अध्यक्षपदावर आलेही नव्हते, आणि युद्धाला तोंड लागले ते एप्रिलमध्ये. पण पत्रे पोहोचली, तेव्हा उत्तर देणे लिंकन यांच्याच वाट्याला आले, आणि तेही ऐन युद्धात.

३ फेब्रुवारी १८६२ चे ते उत्तर पाहण्यासारखे आहे. आधी एकेका वस्तूचे नाव घेऊन कौतुक. एवढे मोठे दात सयामच्याच हत्तीचे असणार, अशी गोड दादही. कायद्याने अध्यक्षाला भेट स्वतःकडे ठेवता येत नाही, म्हणून ती राष्ट्राच्या वतीने स्वीकारली; ती सरकारी दप्तरात कायम राहील, आणि युद्धात जिंकून आणलेल्या वस्तूंपेक्षा दोन्ही देशांना अधिक भूषण देईल, असा त्याचा आशय. मग हत्तींचा विषय. उपयोग होण्यासारखा असता तर आम्ही ही उदार देणगी घेण्यास मागेपुढे पाहिले नसते. परंतु आमच्या सत्तेचा प्रदेश हत्तींची पैदास होईल इतका दक्षिणेला पोहोचत नाही, आणि जमिनीवर व पाण्यावर आमची वाहतूक वाफेचे यंत्रच उत्तम करते. शेवटी राजाला दीर्घायुष्य चिंतून, ‘आपला स्नेही’ म्हणून सही. खाली परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांचीही सही आहे.

दक्षिणेकडची उबदार राज्ये तर त्या वेळी बंडात होती! पण त्या दुखण्याचा पत्रात उच्चारही नाही. खर्च, खटपट, गैरसोय यांचेही नाव नाही. नकाराचे कारण लिंकन यांनी भेटीत शोधले नाही, स्वतःच्या हवापाण्यात शोधले. उणे काही असेलच तर ते आमच्याकडे, हत्तीत नव्हे.

आपल्या घरच्या कार्यात आहेर म्हणून एकसारखी चार तबके येतात, तेव्हा चौथे देणाऱ्याला आपण काय म्हणतो? वस्तू लागते की नाही हा हिशेब निराळा. देणारा काही मनात धरून आलेला असतो. सयामच्या राजाला हत्ती खपवायचे नव्हते, त्याला मित्र हवा होता. लिंकन यांनी नेमके तेच ओळखले. हत्ती सयामच्याच रानात राहिले, आणि राजाचा पुढे केलेला हात रिकामा परत गेला नाही.