बाजार, परवाना आणि मालकाचे मन

बंगळूरच्या कोरमंगला वस्तीत आज देशी-परदेशी उपाहारगृहे एकमेकांना खेटून उभी आहेत. तेथे येणारे गिऱ्हाईक चव आणि किंमत पाहते. मालकाच्या मतांची चौकशी सहसा करीत नाही. हा निर्धास्तपणा मात्र गृहीत धरण्यासारखा नाही. दुकानदार कोणत्या मूल्यांचा पाईक आहे यावरून त्याला जागा द्यावी की नाकारावी, हा वाद कर्नाटकाने गेल्या तीन दशकांत दोनदा तरी तीव्रतेने अनुभवला आहे.

जून १९९५ मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर केंटकी फ्राइड चिकनचे उपाहारगृह उघडले. प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने त्याला विरोध केला. माणसाच्या तोंडचे धान्य कोंबड्यांच्या खाद्याकडे वळेल आणि लहान शेतकरी बुडेल, अशी संघाची धारणा होती. सप्टेंबरात महानगरपालिकेने परवाना रद्द केला, तो मात्र मसाल्यातील मोनोसोडियम ग्लुटामेटचे प्रमाण अधिक असल्याच्या कारणावरून. उच्च न्यायालयाच्या स्थगितीने उपाहारगृह पुन्हा सुरू झाले; ३० जानेवारी १९९६ रोजी संघाच्या कार्यकर्त्यांनी तेथे मोडतोड केली. वाद शेतीचा आणि निर्णय मसाल्याचा, ही विसंगती बोलकी आहे. मूल्यांचा प्रश्न परवान्याच्या मापाने मोजू पाहिला की मूल्यांची चर्चा खुंटते आणि नियमाची प्रतिष्ठाही उरत नाही.

दुसरा प्रसंग मार्च २०२२ मधील. हिजाबविषयक निकालाच्या निषेधार्थ १७ मार्च रोजी अनेक मुस्लिम व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. त्यानंतर उडुपी जिल्ह्यातील कापू येथील मारिगुडी मंदिराच्या वार्षिक उत्सवात मुस्लिमांना दुकानांसाठी जागा नाकारण्यात आली. न्यायालयाचा मान न राखणाऱ्यांना स्थान नको, असे त्याचे समर्थन झाले. मंदिरालगतची मालमत्ता बिगर-हिंदूंना भाडेपट्ट्याने न देण्याच्या २००२ च्या नियमाचा आधार सरकारने विधानसभेत सांगितला. वास्तविक श्रीशैलम देवस्थानाच्या प्रकरणात, केवळ धर्माच्या कारणावरून कोणालाही दुकानांच्या लिलावातून वगळू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला होता. कापूच्या जत्रेत, ज्याने दुकान बंद ठेवले आणि ज्याने ठेवले नाही, यांत भेद केला गेला नाही. मताबद्दलची शिक्षा जन्माला भोगावी लागली. बहुराष्ट्रीय कंपनीला उच्च न्यायालय गाठता आले; जत्रेवर पोट असणाऱ्या फेरीवाल्याचे हंगामाचे दिवस हातचे गेले.

सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न मराठी मुलखाने फार पूर्वी धसास लावला. सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव, १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि चवदार तळ्याविषयीचा उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल हे त्याचे टप्पे होत. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ विशद केला: मागेल त्याला सेवा देण्यास मालक सिद्ध असतो, ते दुकान. त्यांचा रोख गिऱ्हाइकाच्या हक्काकडे होता. परंतु दाराच्या अलीकडच्या माणसाची जात विचारणे अन्याय्य असेल, तर पलीकडच्याचा धर्म विचारणे न्याय्य कसे ठरेल?

याचा अर्थ मालकाच्या वर्तनाबद्दल समाजाने मौन पाळावे असा नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा लोकांनी आपल्याच अंगावरचे कापड त्यागले. गिऱ्हाइकाचा बहिष्कार स्वतःच्या त्यागावर उभा असतो. जागेची मनाई दुसऱ्याच्या उपजीविकेवर पडते. भेसळ, फसवणूक, गिऱ्हाइकांत पंक्तिभेद या कृती होत. त्या सिद्ध करता येतात आणि त्यांसाठी परवाना जरूर काढून घ्यावा. मनातील मूल्ये सिद्ध होत नाहीत. ती केवळ मानली जातात, आणि बहुधा आडनावावरून मानली जातात. म्हणूनच नगरपालिका असो वा देवस्थान, जागा वाटणाऱ्याने व्यवहार तपासावा. मालकाच्या विचारांचा निवाडा गिऱ्हाइकावर सोडावा.