रंगीत काचा आणि न लिहिलेली नावं

मंडळी, अफगाण चर्चवर लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. मागच्या शनिवारी योग आला. साजगावहून खोपोली, तिथून लोकलने सीएसएमटी, मग बसने कुलाबा. चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण ते कुणी घेत नाही.

इतिहास थोडक्यात. पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध १८३९ ते १८४२. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० नोकरचाकर, बायका-मुलं निघाली. बहुतेक जण थंडीने किंवा हल्ल्यांत मेले, नाहीतर कैद झाले. मुंबईच्या पलटणीही या युद्धात आणि नंतर सिंधच्या मोहिमेत लढल्या. त्यातल्या मृतांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७ ची, चर्च खुलं झालं १८५८ ला, मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं.

खिडक्यांच्या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या. या कामात रंग काचेवर फासत नाहीत, काच वितळलेली असतानाच तिच्यात धातू मिसळतात. निळ्यासाठी कोबाल्ट. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या तेवढ्या रंगवून भट्टीत भाजतात आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात.

दिवसा बाहेरून पाहिलं तर खिडकी चक्क काळी दिसते. गंमत आत गेल्यावर कळते. आमच्या साजगावच्या विठोबाला गाभाऱ्यात समई उजळते, इथे सगळी भिस्त सूर्यावर. ढग आला की चित्र विझतं, ढग सरला की पुन्हा जिवंत! मेलेल्यांच्या स्मारकाला याहून योग्य काय असणार, असं वाटलं.

मग भिंतीवरचा लेख वाचला. नावं आहेत ती अधिकाऱ्यांची. शिपायांबद्दल एवढंच, की ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही. दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालणाऱ्या माणसाला हे जरा लागतंच. अहो, पगार वाटताना नावं लागत असतीलच की! मुंबईच्या लष्करात कोकणातली भरती मोठी होती. त्यांच्यातला एखादा आपल्या घाटाखालचाही असेल. घरच्यांनी किती वर्षं वाट बघितली असेल त्याची?

तर कुलाब्याला गेलात की खिडक्या बघाच, पण तो लेखही वाचा.

असो. परतीची खोपोली गाडी चुकली, ती कथा पुन्हा कधीतरी :)