जामखेडची आरोग्यक्रांती आणि आमचा उंबरा

स्मरणिकेसाठी ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ हा विषय आला, तेव्हा आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचमधल्या बहुतेकांना नगरचा किल्ला आठवला. मला आठवले जामखेड. माझे आजोळ त्याच तालुक्यातले.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येतात. गढूळ पाणी आणि अर्धपोटी जेवण यांवर रुग्णालयात इलाज नव्हता. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला, जनावरांच्या जुन्या दवाखान्यात, त्यांनी काम सुरू केले.

सुरुवातीचा बेत जमला नाही. शिकलेल्या परिचारिका खेड्यात रमेनात आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलेनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला जामखेडला येऊन त्या शिकायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. बाळंतपण, लसीकरण, मुलांची वजने हे सारे त्यांनी हाती घेतले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत होते. १९७६ मध्ये तो आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

या आकड्यांत आमचेही घर आहे. आजीची सहापैकी तीन मुले पाळण्यातच गेली होती. तरीही गावची आरोग्य कार्यकर्ती आली, की आजी तिला उंबऱ्याबाहेर बसवायची आणि पाणी वरून ओंजळीत ओतायची. १९८६ च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला जुलाब लागले. आजीच्या समजुतीप्रमाणे त्याचे पाणी तोडले होते. तो डोळे उघडेना, तेव्हा आईनेच बाईंना हाक मारली आणि आत घेतले. बाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर विरघळवली आणि रात्रभर चमच्या-चमच्याने त्याला पाजली. पहाटे त्याला लघवी झाली, तेव्हा त्या पहिल्यांदा भिंतीला टेकल्या. आजीने चहा केला आणि घरातल्याच कपात त्यांच्या हाती दिला.

मी इंजिनिअर झाले. आपली योजना लोकांना लागू पडत नाही, हे ओळखून ती बदलणे किती अवघड असते, हे नोकरीत कळले. आरोळ्यांनी ते केले. पण शाळेत ‘माझी आवडती थोर व्यक्ती’ हा निबंध लिहिताना मी पुस्तकातले नाव लिहिले. बाई माझ्या मनातही आल्या नाहीत.

ती नोंद राहून गेली होती, म्हणून इथे केली.