दिनविशेष : ९ जून १९५२ – भारताने जपानची भरपाई सोडली

भारत आणि जपान यांच्यातील शांतता करारावर टोकियोत आजच्या दिवशी सह्या झाल्या. भारतातर्फे के. के. चेत्तूर यांनी, तर जपानतर्फे परराष्ट्रमंत्री कात्सुओ ओकाझाकी यांनी सही केली. आदल्या वर्षी जपानशी शांतता करार करण्यासाठी भरलेल्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेलाच नव्हता. जपानमध्ये अमेरिकी फौजा ठेवण्याची तरतूद नेहरूंना मान्य नव्हती, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली.

कराराचे सहावे कलम जेमतेम दोन-चार ओळींचे. युद्धभरपाईचे सर्व दावे भारत सोडून देत आहे, असे त्यात सरळ म्हटले आहे. शिवाय युद्धकाळात भारतात जप्त झालेली जपानी मालमत्ता परत करण्याचेही भारताने करारात कबूल केले. सगळ्यांनीच एवढी उदारता दाखवली नाही. ब्रह्मदेशाने १९५४ मध्ये २० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले, फिलिपिन्सने १९५६ मध्ये ५५ कोटी. ही भरपाई मुख्यतः रोख नव्हे, तर जपानी माल आणि सेवांच्या रूपात द्यायची होती. ब्रह्मदेशातील बलुचाऊंग जलविद्युत प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. जपानी कारखान्यांनाही आयतेच काम मिळाले, हे वेगळे सांगायला नको.

दिल्लीचे औदार्य मोठे खरे. पण १९४२ ते १९४५ या काळात जपानी ताब्यात होरपळलेल्या अंदमानवासीयांच्या वाट्याला या करारातून काहीच आले नाही. दोन्ही देशांचे संबंध मात्र पुढे जुळत गेले : १९५८ मध्ये जपानने आपले पहिले येन कर्ज दिले, ते भारताला.