काळी बेईं नदीचा जीर्णोद्धार : एक साधन म्हणून विचार

(१) जुन्या पोथीस वाळवी लागलेली पाहिली म्हणजे संग्राहकाचा जीव कासावीस होतो. परंतु त्याच पोथींत जिचा उल्लेख आहे ती नदी बुजूं लागली, तर तिकडे आमचें लक्ष सहसा जात नाहीं. वास्तविक पाहतां स्थळ हेंहि इतिहासाचें एक साधनच होय. पंजाबांतील काळी बेईं ही नदी सन २००० (शके १९२२) पासून लोकांनीं श्रमदानानें कशी पुन्हा वाहती केली, हा वृत्तांत या दृष्टीनें मननीय असल्यामुळें तो आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

(२) काळी बेईं, पंजाबी उच्चाराप्रमाणें वेईं, ही होशियारपुर जिल्ह्यांत मुकेरियाँ-दसूहा भागांतील पाणथळ जमिनींत उगम पावते व कपूरथळा जिल्ह्यांतून वाहत जाऊन हरीकेजवळ बियास-सतलजांच्या संगमास मिळते. तिची लांबी सुमारें १६० किलोमीटर आहे. तिच्या कांठचें मुख्य ऐतिहासिक ठाणें म्हणजे सुलतानपुर लोधी. दिल्लीहून लाहोरास जाणाऱ्या जुन्या मार्गावर हें गांव असून, येथें जहांगीराची सराई व बेईंवर दोन पूल असल्याची नोंद इंपीरियल ग्याझेटिअरांत आहे. त्यांपैकीं एक पूल जहांगीराकडे व दुसरा औरंगजेबाकडे लावण्यांत येतो. सन १७३९ मध्यें नादिरशहानें हें गांव जाळलें. लष्करें, व्यापारी व यात्रेकरू यांची सदैव वर्दळ असलेली ही नदी होती, एवढें यावरून स्पष्ट होतें.

(३) परंतु बेईंची खरी प्रसिद्धि गुरु नानकांमुळें आहे. दौलतखान लोधी याच्या मोदीखान्यांत ते कामास होते. एके दिवशीं कपडे सेवकापाशीं ठेवून ते स्नानास नदींत उतरले, ते वर आलेच नाहींत. खानानें कोळ्यांकडून जाळीं टाकवून शोध केला, परंतु व्यर्थ. तिसऱ्या दिवशीं ते प्रकट झाले आणि हिंदु व मुसलमान हा भेद त्यांनीं प्रथम तेथेंच नाकारिला, अशी जन्मसाखींतील कथा आहे. परंपरा हा प्रसंग सन १४९९ च्या सुमारास घालते.

या कथेचीं साधनें संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. पुरातन जन्मसाखीची एक प्रत कोलब्रुक यानें कंपनीच्या लंडन येथील ग्रंथालयास दिली होती. ती विलायतेहून मागवून सन १८८५ मध्यें छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यानें तिच्या हुबेहुब प्रती छापण्यांत आल्या. हाफिजाबाद येथें सांपडलेली दुसरी प्रत मॅकॉलिफ यानें त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. व पुढें सन १९२६ मध्यें भाई वीरसिंग यांनीं संपादित आवृत्ति काढिली. सन १७३३ (संवत् १७९०) मध्यें दयाराम अब्रोल यानें लिहिलेली व आलमचंद राज यानें ५७ चित्रांनीं सजविलेली बी-४० क्रमांकाची जन्मसाखी तर चित्रकलेच्या अभ्यासकांसहि परिचित आहे. हे सर्व ग्रंथ नानकांनंतर बऱ्याच काळानें भक्तिभावानें लिहिले गेले असल्यामुळें आमच्या बखरींप्रमाणेंच ते पारखून घ्यावे लागतात. तीन दिवसांच्या अंतर्धानास इतिहास म्हणतां येत नाहीं. सुलतानपुरचें वास्तव्य मात्र चिकित्सक अभ्यासकहि संभवनीय मानतात.

(४) आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, ही कथा पंजाबांत घरोघर वाचली जात असतांनाच नदी मरत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस कांठच्या गांवांचें व शहरांचें सांडपाणी तींत सोडलेलें होतें, पात्र गाळानें व जलपर्णीनें भरलें होतें, कित्येक ठिकाणीं पात्रांत शेती झाली होती, व उगमाकडील पाण्याचा ओघहि खुंटला होता. वाचन टिकलें पण नदी टिकली नाहीं, असा हा विलक्षण प्रकार होता.

जुलै २००० मध्यें जालंदर जिल्ह्यांतील सीचेवाल गांवचे संत बलबीरसिंग सीचेवाल यांनीं कारसेवा आरंभिली. कारसेवा म्हणजे धर्मबुद्धीनें विनामूल्य केलेलें अंगमेहनतीचें काम. अमृतसरच्या सरोवराचा गाळ सन १९२३ मध्यें अशाच सेवेनें काढण्यांत आला होता. म्हणजे बेईंच्या कामीं योजलेली संस्था नवी नव्हती. सरोवरासाठीं असलेली रीत नदीस लाविली, एवढेंच नवें. हजारों स्त्रीपुरुषांनीं पाण्यांत उतरून जलपर्णी हातांनीं ओढून काढिली. कोणीं भाकरी पुरविली, कोणीं ट्रॅक्टर दिले. मुकेरियाँच्या जलविद्युत् कालव्यांतून टेरकियाणा येथें नदींत पाणी सोडण्यांत आलें. खेड्यांतील सांडपाणी नळांनीं एकत्र आणून विहिरींत व तळ्यांत निवळावयाचें आणि मग शेतीस द्यावयाचें, अशी साधी योजना सीचेवाल येथें सिद्ध झाली व ती इतर गांवांनींहि उचलली.

नदी निर्मळ होऊं लागतांच लोक कांठाशीं परत आले. सुलतानपुर येथें स्नानाचे घाट बांधले गेले, तीरानें रस्ते व वृक्ष झाले, सकाळसंध्याकाळ लोक फिरावयास येऊं लागले, होड्या चालूं लागल्या. राष्ट्रपति डॉ. अब्दुल कलाम यांनीं सन २००६ मध्यें हें काम समक्ष पाहिलें. सीचेवाल यांस सन २०१७ मध्यें पद्मश्री मिळाली.

(५) इतकें झालें तरी दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली ही कीं, नदी एकदां उपसली म्हणजे काम संपत नाहीं. त्यानंतरहि पाणी कमी पडून व मैला मिसळून बेईंत मासे मेल्याचे प्रकार घडले आहेत. दुसरी गोष्ट आमच्या शास्त्राशीं निगडित आहे. श्रद्धेचा हात जितका जलद बांधतो तितकाच जलद पाडूंहि शकतो. तरणतारण येथील, रणजितसिंगाच्या काळची मानली जाणारी दर्शनी ड्योढी कारसेवेच्याच नांवाखालीं मार्च २०१९ मध्यें रात्रीं पाडावयास घेतली. लोकांनीं विरोध केल्यामुळें काम थांबलें, तथापि वरच्या भागाची हानि झाली. म्हणून बेईंच्या कांठीं मोगली काळाचें काय व सन २००० नंतरचें काय, याची नोंद व छायाचित्रें आजच करून ठेविलीं पाहिजेत. अन्यथा शंभर वर्षांनीं कोणी संशोधक नव्या घाटास नानककालीन समजून लेख लिहील आणि त्यास खोडून काढण्यास आधार मिळणार नाहीं.

(६) नामदेवांचीं ६१ पदें ज्या ग्रंथांत आदरानें जतन केलीं आहेत, त्या ग्रंथाच्या अनुयायांकडून महाराष्ट्रानें हा धडा घेण्यास संकोच मानूं नये. बेईंस पाणी लोकांच्या हातांनीं आणिलें. परंतु ते हात त्याच नदीकडे वळले, याचें कारण तिचें नांव पोथ्यांनीं राखिलें होतें. आमच्या दप्तरांतूनहि नद्यांचे घाट, उतार, बंधारे व पाट यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. ते निवडून, तारीखवार लावून, आपापल्या नदीसाठीं झटणाऱ्या मंडळींच्या हातीं देणें हें संग्राहकांचें कर्तव्य होय. कोणता ओढा कोठून वाहत होता, कोणता घाट कोणीं बांधला, हें त्यांस कागदावरूनच कळणार. आणि ते कागद आमच्यापाशीं आहेत.