पंचांग, पारा आणि जुना फ्रीज

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रीज आहे आणि त्यात तो घरगुती बीअर आंबवतो. (तिथे १९७८ साली कार्टर अध्यक्ष असताना केंद्राच्या कायद्यानं ही मोकळीक दिली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा ऐकून घ्या, करून बघू नका!) फ्रीजची वायर त्यानं थेट भिंतीतल्या प्लगला लावलेली नाही. मध्ये एक छोटी डबी जोडलीय. आम्ही विचारलं, फ्रीजला स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच की, मग ही कशाला?

तो म्हणाला, सर, फ्रीज अन्न टिकवायला बनवलाय. चार-पाच अंशांवर तो यीस्टला जवळजवळ झोपवूनच टाकतो. बाहेर ठेवावं तर उन्हाळ्यात यीस्ट उधळतं, नको ते वास उतरतात. नेहमीच्या एल बीअरला १८ ते २० अंश लागतात, लागरला १० च्या आसपास. म्हणजे पाहिजे मधलं काहीतरी. अ‍ॅरिस्टॉटलचा मध्यममार्ग शिकवण्यात आमची उमर गेली. तो फ्रीजमध्ये भेटेल असं काही वाटलं नव्हतं.

हे मधलं तापमान पूर्वी लोक कुठून आणायचे? तर पंचांगातून. बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञा निघाली की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर गाळायची नाही. उन्हाळ्यातली बीअर बिघडायची, म्हणून ऋतूलाच थर्मोस्टॅट केलं. आता २३ एप्रिलला आपल्या सोलापुरात पारा कुठे असतो ते मी सांगायला नको. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी मग दुसरी युक्ती काढली: काळ नाही बदलता आला तर जागा बदलायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड डायरनं बीअरचा कारखाना काढला तो हिमालयात, कसौलीला.

थर्मामीटर या धंद्यात आला तो चोरपावलांनी. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा तरुण तो वापरायचा, पण वडिलांपासून लपवून. असली नवी थेरं त्यांना पसंत नव्हती. हाताला कळतं ते काचेच्या नळीला काय कळणार, हा वाद तुमच्या-आमच्या घरातही झालेला आहे, बरं का! पुढं उष्णता आणि काम यांचं नातं आकड्यांत मांडणारा जूलसुद्धा बीअर गाळणाऱ्याचाच मुलगा.

खरी उलथापालथ केली ती कार्ल फॉन लिंडेनं. १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात त्यानं शीतयंत्राचे प्रयोग केले. पैसा बीअरवाल्यांचा, यंत्र लिंडेचं. तिथून पुढं उन्हाळा आड येईनासा झाला. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज हा त्याच यंत्राचा वंशज. म्हणजे जो बीअरसाठी जन्मला, त्यालाच आता बीअरसाठी पुन्हा वळण लावावं लागतंय, ही गंमत आहे.

वळण लावते ती डबी. तिची तार आंबवणाच्या भांड्याला बाहेरून चिकटवतात आणि वर कापडाची घडी बांधतात, म्हणजे फ्रीजच्या हवेचं नव्हे तर भांड्याचं तापमान कळतं. हे महत्त्वाचं, कारण आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. भांडं आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम असू शकतं. फ्रीजचा स्वतःचा खटका सगळ्यात थंडवर ठेवायचा. भांडं तापलं की डबी वीज सोडते, निवलं की तोडते. पण लगेच पुन्हा सोडत नाही, काही मिनिटं थांबते. नाहीतर कॉम्प्रेसर जळायचा. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्रीजना अशी वीज तोडलेली मानवत नाही, म्हणून जुनाच बरा.

आमच्या घरी बीअर नाही, पण इडलीचं पीठ आहे. मे महिन्यात ते रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी आंबटढोण; फ्रीजमध्ये ठेवलं तर फुगतच नाही. म्हणून आमच्याकडे पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात आणि त्याला ओलं फडकं गुंडाळतात. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून हे चालतं. मुंबईच्या दमटपणात फडकं नुसतं ओलंच राहील. आमची ही मात्र रात्री एकदा उठते, पातेल्याला हात लावून बघते, आणि लाईट गेली तरी तिचं काही अडत नाही.